नागपूरच्या उन्हाळ्यात घरी वाईन कशी सांभाळावी, आणि चाखण्याची नोंद कशी ठेवावी?

वैदर्भीय

नमस्कार. गेली चार वर्षे मी घरी वाईन जमवतो, चाखतो आणि प्रत्येक बाटलीची नोंद एका वहीत ठेवतो. हा माझा व्यवसाय नाही. मी अभियंता आहे आणि या विषयाचे कोणतेही औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. सध्या माझ्याकडे ३८ बाटल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक नाशिक आणि अकलूज परिसरातल्या आहेत, काही कर्नाटकातल्या आणि चार परदेशी आहेत. आजवर त्या कोठीच्या खोलीत, लाकडी कपाटात, आडव्या ठेवलेल्या होत्या. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे ती पुरेशी थंड राहत असेल असे मी गृहीत धरले होते.

ते गृहीत चुकीचे होते, हे मला या जून महिन्यात कळले. डिसेंबरात मी एका रिझर्व्ह शिराझच्या, म्हणजे शिराझ या द्राक्षाच्या वरच्या दर्जाच्या लाल वाईनच्या, दोन बाटल्या एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतल्या होत्या. पहिली त्याच आठवड्यात उघडली. माझ्या वहीत तिची नोंद अशी आहे: ‘गडद जांभळा रंग, पिकलेले जांभूळ, मागून मिरी, तुरटपणा ठसठशीत पण गुळगुळीत.’ दुसरी बाटली जूनमध्ये काढली तेव्हा तिचे बूच गळ्याच्या कडेवर सुमारे दोन मिलिमीटर वर आलेले दिसले आणि वेष्टनाखाली चिकट, वाळलेला ओघळ होता. पेल्यात ओतल्यावर कडेला विटकरी छटा होती, जांभळाचा मागमूस नव्हता, आणि वास मनुकांचा आणि जास्त आटवलेल्या मुरंब्याचा होता. सहा महिन्यांच्या अंतराने एकाच वाईनच्या या दोन नोंदी एकाखाली एक वाचताना मला खरोखर वाईट वाटले, कारण उरलेल्या ३८ बाटल्यांनीही तोच उन्हाळा त्याच कपाटात काढला आहे. त्यानंतर त्या कपाटात थर्मामीटर ठेवला. जूनच्या अखेरीससुद्धा दुपारी ३५ अंश दिसत होते. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, आत काय असेल याची कल्पना करवत नाही. खोलीची मागची भिंत पश्चिमेची आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तळघर नसलेल्या सदनिकेत, आमच्याकडच्या हवेत, आवाक्यातल्या खर्चात बाटल्या नीट ठेवण्याचा मार्ग कोणता? आपल्याकडच्या कोणत्या वाईन दोन-चार वर्षे राखून ठेवण्याजोग्या आहेत आणि कोणत्या लगेच संपवाव्यात? आणि तिसरे म्हणजे, मी एकटाच चाखतो, त्यामुळे माझ्या नोंदी कितपत विश्वासार्ह आहेत आणि त्या सुधारण्यासाठी काय करावे?

कोथरूडकर

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, पण आपण नोंदी ठेवल्या होत्या म्हणूनच नेमके काय बिघडले ते इतके स्पष्ट दिसले. बूच वर येणे आणि गळ्याशी ओघळ दिसणे ही उष्णतेची ठळक खूण आहे. वाईन तापली की प्रसरण पावते, आतली हवा दाबली जाते आणि बूच बाहेर ढकलले जाते. रात्री ती आकसते तेव्हा बुचाच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते. असे रोज होत राहिले की वाईन एकीकडून शिजते आणि दुसरीकडून हवेने उतरते. म्हणून सतत २० अंशांवर राहिलेली बाटली एक वेळ चालेल, पण दिवसा ३८ आणि रात्री २८ अशा हेलकाव्यात राहिलेली चालणार नाही. कूलरच्या खोलीत ठेवण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्यावा, कारण कूलर सुरू-बंद होतो तसे तापमानही वर-खाली होते, आणि दमटपणामुळे लेबलांवर बुरशी धरते ते वेगळेच.

वाईनसाठी १२ ते १४ अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि निवांतपणा हवा असतो. त्यासाठी आपल्यासारख्यांना वाईनचा फ्रिज घेणे हाच सरळ मार्ग आहे. मात्र तो घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचारून, शक्यतो माहितीपत्रक वाचूनच पक्की करावी: आत कॉम्प्रेसर आहे की नाही. बाजारातले पुष्कळसे लहान आणि स्वस्त फ्रिज कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या प्रवाहाने एका पट्टीची एक बाजू गार आणि दुसरी गरम करण्याच्या तत्त्वावर चालतात. ते आवाज करत नाहीत, दिसायलाही देखणे असतात, परंतु बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच खाली जाऊ शकतात. लंडनमधल्या घरात तेवढे पुरते. नागपुरात, बंद घरात ४० अंश असताना, त्याच यंत्राच्या आत २० ते २५ अंश राहतील आणि ते यंत्र दिवसरात्र थांबणार नाही.

मी स्वतः दुसरा मार्ग धरला. घरातला जुना, एका दाराचा, चालू स्थितीतला साधा फ्रिज घेतला आणि त्याच्या प्लगच्या आधी तापमान-नियंत्रक जोडला. फ्रिजच्या आतले तापमान ठरवलेल्या आकड्यावर आले की हा नियंत्रक वीज तोडतो आणि ते चढले की पुन्हा जोडतो, त्यामुळे एरवी ४ अंशांवर चालणारा फ्रिज १४ अंशांवर राहतो. नियंत्रकाची तापमान मोजणारी तार हवेत लोंबती न ठेवता पाण्याने भरलेल्या एका बाटलीत बुडवून ठेवावी. दार उघडले की हवा क्षणात तापते, वाईन तापत नाही. आपल्याला वाईनचे तापमान मोजायचे आहे. फ्रिज भरलेला असेल तर वीज गेल्यावरही आतल्या बाटल्याच एकमेकींना काही तास गार ठेवतात. आतली हवा कोरडी राहते हे खरे, पण दोन-तीन वर्षांत फिरणाऱ्या साठ्याला त्याने फारसा धोका नाही. फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. बुचाच्या मात्र आडव्याच हव्यात, म्हणजे बूच ओले राहते.

खरेदीबाबतही एक विनंती करतो. आपण घरी कितीही जपले तरी बाटली दुकानातच तापलेली असेल तर उपयोग नाही. एका दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेत मांडलेली बाटली मी एकदा मोठ्या हौसेने आणली आणि ती पहिल्या घोटातच उतरलेली निघाली. त्यानंतर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात खरेदी करतो, मांडणीवरची बाटली न घेता आतून काढून द्यायला सांगतो, गळ्यातली पातळी पाहतो आणि बूच कडेशी सपाट आहे ना हे बोटाने चाचपतो. नाशिकहून गाडीने आणणार असाल तर बाटल्या डिकीत ठेवू नयेत. थर्माकोलच्या पेटीत, मागच्या सीटच्या पायाशी ठेवाव्यात.

राखून ठेवण्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. फ्रिज येईपर्यंत काहीही राखू नये. आहेत त्या ३८ बाटल्यांपैकी पांढऱ्या आणि गुलाबी आधी उघडाव्यात, कारण त्यांनाच उन्हाळा सर्वांत जास्त बाधतो.

द्राक्षबाग

मी नाशिक जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार आहे. आमच्या काही एकरांवर खायची द्राक्षे आहेत आणि काही एकरांवर वाईनची. वरील प्रतिसादातले साठवणीचे सगळे मुद्दे मला मान्य आहेत. राखून ठेवण्याबद्दल मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते.

आपल्याकडची वाईन समजून घ्यायची तर वेल कसा वाढतो ते आधी पाहावे लागते. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो, वर्षातून एकदा छाटला जातो आणि सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षे काढली जातात. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून आम्ही दोनदा छाटतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते आणि पावसाळा ओसरल्यावरची गोडी छाटणी फळासाठी. त्यामुळे आमची काढणी साधारण जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत चालते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरते, आणि त्या गार रात्रींमुळेच मण्यात आम्लता टिकते. मार्चात ऊन चढले की साखर भराभर वाढते आणि आम्लता तितक्याच वेगाने घसरते, म्हणून काढणीचा दिवस ठरवताना सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो खाऊन पाहिला तर गोड लागतो, पण सालीचा तुरटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. लाल वाईनचा रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, त्या सालीतूनच येते.

याचा संग्राहकासाठी एक थेट उपयोग आहे. लेबलवर एकच साल छापलेले असले तरी आपली वाईन फ्रान्सच्या वाईनपेक्षा सुमारे सहा-सात महिन्यांनी मोठी असते, कारण आपली द्राक्षे त्या वर्षाच्या सुरुवातीला काढलेली असतात आणि त्यांची शेवटाकडे. चिलीची किंवा ऑस्ट्रेलियाची बाटली मात्र आपल्या बाटलीच्या बरोबरीची, कारण दक्षिण गोलार्धातली काढणीही त्याच महिन्यांत येते. साल छापलेले नसेल तर मागच्या लेबलवर बाटली भरल्याचा महिना पाहावा आणि जितकी ताजी मिळेल तितकी घ्यावी.

वाईन टिकते ती आम्लता, टॅनिन आणि काही बाबतींत साखर यांच्या बळावर. नाशिकची शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या ताजेपणासाठीच केलेल्या पांढऱ्या वाईन आहेत. सोव्हिन्यों ब्लांमधला पेरूचा आणि चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास वर्ष-दीड वर्षात मावळू लागतो, आणि तो मावळल्यावर त्या बाटलीत फारसे काही उरत नाही. रोजच्या पिण्याच्या, लाकडात न मुरवलेल्या लाल वाईनचेही तसेच. परंतु ओकच्या पिंपात मुरवलेली रिझर्व्ह शिराझ, ग्रोव्हर कंपनीची ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांचे मिश्रण असलेली वाईन, किंवा अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची ‘सेते’, जिच्यात सांजोव्हेसे हे इटलीचे द्राक्ष आहे, अशा वाईन नीट गारव्यात तीन ते पाच वर्षे आनंदाने बदलत जातात. उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड शेनिनही साखरेमुळे टिकते.

म्हणून माझी सूचना अशी की एकेक बाटली जमवण्यापेक्षा एकाच वाईनच्या तीन बाटल्या घ्याव्यात. एक लगेच, दुसरी दीड वर्षाने आणि तिसरी तीन वर्षांनी उघडावी. अपघाताने का होईना, आपण दोन बाटल्यांची जी तुलना केली ती अशीच होती; तेवढी गारव्यात करायची राहिली. तीस वेगवेगळ्या बाटल्यांपेक्षा दहा वाईनच्या तीन-तीन बाटल्या आपल्याला जास्त शिकवतील, असे मला मनापासून वाटते. आमच्या जिल्ह्यात इतक्या कमी वर्षांत एवढे काम उभे राहिले, सुला या इथल्या कंपनीची पहिली वाईन २००० साली आली, आणि तरीही आपल्या वाईन वयाबरोबर कशा बदलतात याच्या घरगुती नोंदी फार थोड्या लोकांकडे आहेत. आपल्यासारख्यांनी त्या ठेवल्या तर आम्हा बागायतदारांनाही वाचायला आवडतील.

मोझेलकाठ

मी मूळची सांगलीची. अकरा वर्षांपासून जर्मनीत त्रिअर गावाजवळ राहते. आमच्या इमारतीला दगडी तळघर आहे आणि ते बारमाही १२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे साठवणीचा प्रश्न मला कधी पडला नाही, हे मी भाग्यच समजते. आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र थोडे सांगू शकेन, कारण मीही इथे पहिली काही वर्षे एकटीनेच चाखत होते.

सर्वांत आधी पेला एकच ठरवावा. आंतरराष्ट्रीय मानकाचा, १९७७ साली ठरवलेला, सुमारे २१५ मिलिलिटरचा, वर निमुळता होत जाणारा चाखणीचा पेला मिळतो. त्यात फक्त ५० मिलिलिटर वाईन ओतायची. उरलेली जागा वास कोंडून ठेवण्यासाठी असते. दरवेळी पेला आणि प्रमाण तेच ठेवले तर नोंदींची तुलना करता येते. तापमानही तेच हवे. लाल वाईन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हा नियम थंड प्रदेशातल्या घरांतून आला आहे. नागपूरच्या ३२ अंशांत तिचा अल्कोहोल नाकात झोंबेल आणि फळ हरवून जाईल. फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, पांढरी ८ ते १० वर. चाखण्याची वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, घरात फोडणी पडण्याआधीची आणि उदबत्ती न लावलेली अशी असावी. वाईन तोंडात घोळवून थुंकावी. नोंद करण्यासाठी गिळणे आवश्यक नसते, आणि तीन-चार पेले गिळल्यावर नोंद विश्वासार्ह राहत नाही.

जिभेची तयारी स्वयंपाकघरातच करता येते. एका पेल्यात बिनसाखरेचे, फिकट लिंबूपाणी घ्यावे आणि दुसऱ्यात जास्त उकळून गार केलेला कोरा चहा. लिंबूपाण्याने जिभेच्या कडांना पाणी सुटते, दात आंबतात, ती आम्लता. चहाने हिरड्या आणि गाल कोरडे पडतात, जीभ आखडते; ते टॅनिन. हे दोन्ही वेगळे आहेत हे मला वाचून माहीत होते, पण असे समोरासमोर चाखल्यावरच तोंडाला पटले. त्यानंतर लाल वाईनच्या नोंदीत ‘जड’ असा मोघम शब्द लिहिणे मी बंद केले.

वासाच्या शब्दांसाठी परदेशी फळांची यादी पाठ करू नये. ज्यांनी ब्लॅककरंट कधी खाल्लेच नाही त्यांनी तो शब्द लिहून काय मिळवायचे? करवंद, जांभूळ, तुती, कोकम, भिजलेले चिंचोके, जायफळ, तंबाखूची डबी, पहिल्या पावसाची माती, हे वास आपल्या नाकात लहानपणापासून मुरलेले आहेत. आपण ‘पिकलेले जांभूळ’ लिहिले आहे, ते अगदी योग्य आहे. इथल्या रीसलिंग या पांढऱ्या वाईनच्या जुन्या बाटल्यांना चक्क रॉकेलचा वास येतो आणि तो दोष मानला जात नाही. मला तो पहिल्यांदा आला तेव्हा आजीच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह आठवला आणि मी तेच लिहिले. शिराझमधल्या मिरीबद्दल एक गोष्ट आपल्याला आवडेल: २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या वाईनमध्ये रोटंडोन नावाचे जे संयुग असते तेच काळ्या मिरीतही असते. मात्र सुमारे पाचांतल्या एका माणसाला त्याचा वास येतच नाही. त्यामुळे आपल्याला मिरी जाणवली आणि पाहुण्याला नाही, तर दोघेही बरोबर असू शकता.

दोषांचे वासही ओळखून ठेवावेत. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला आणि फळाचा वास दबून गेला असेल तर तो बुचातून आलेला दोष असतो. तो उष्णतेने येत नाही आणि बाटली उघडी ठेवल्याने जातही नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर आठवले तर आम्लीकरण सुरू झाले आहे. आपल्या जूनच्या बाटलीतला मुरंबा हा यापेक्षा वेगळा, शिजलेपणाचा वास होय.

आणि विश्वासार्हतेसाठी डोळ्यांआड चाखणे हाच उपाय आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात, बोर्दो इथल्या वाईनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना तीच पांढरी वाईन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वर्णनासाठी लाल वाईनचे शब्द वापरले. शिकलेल्या नाकांचे हे होते, तर लेबल समोर ठेवून आपण लिहिलेल्या नोंदीत लेबल किती आणि वाईन किती, हे तपासायलाच हवे. घरच्या कोणाला तरी सांगून तीन पेले भरून घ्यावेत, दोहोंत एकच वाईन आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता ते ओळखावे. हे एकदा जमले तर योगायोग असू शकतो, म्हणून निरनिराळ्या दिवशी पाच-सहा वेळा करून पाहावे. माझी पहिली दोन वर्षांची वही मी या चाचणीनंतर पुन्हा वाचली आणि त्यातली बरीच विशेषणे खोडली.

एकट्यासाठी ७५० मिलिलिटरची बाटली मोठी पडते हेही मला माहीत आहे. बाटली उघडल्याबरोबर अर्धी वाईन ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत अगदी काठोकाठ भरावी, झाकण घट्ट लावावे आणि फ्रिजमध्ये ठेवावी. वर हवा उरली नाही तर ती आठवडाभर चांगली राहते.

कोथरूडकर

वरील प्रतिसाद मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. एक मुद्दा राहिला होता तो जोडतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार वाईन बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही परवाना लागतो, आणि परवानाधारकाने जवळ किती साठा ठेवावा यालाही मर्यादा आहे. परवान्यावरच्या अटी वाचून मगच संग्रहाचा आकडा ठरवावा. ‘द्राक्षबाग’ यांची तीन बाटल्यांची सूचना मला पटली आहे. माझे आधीचे मत फ्रिज नसतानापुरतेच समजावे.

वैदर्भीय

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. परवाना माझ्याकडे आहे. त्यावरची मर्यादा काल पहिल्यांदा नीट वाचली आणि नवीन खरेदी थांबवली आहे.

रविवारी सकाळी सगळ्या बाटल्या कपाटातून बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीचे बूच बोटाने चाचपले. ११ बाटल्यांची बुचे कडेच्या वर आलेली आहेत. त्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधला आहे आणि आधी त्याच उघडणार आहे. गावी वडिलांच्या घरी एक जुना फ्रिज पडून आहे, तो पुढच्या आठवड्यात आणतो आहे आणि नियंत्रकही मागवला आहे.

तीन पेल्यांची चाचणीही त्याच दिवशी केली. पत्नीने पेले भरले आणि खाली कागदी खुणा लावल्या. दोन पेल्यांत डिसेंबरातल्याच कंपनीची साधी शिराझ होती आणि एकात रिझर्व्ह, लाल दोऱ्याची. पहिल्या वेळी मी चुकीचा पेला निवडला, दुसऱ्या वेळी बरोबर निवडला, तोही वासावरून नव्हे तर हिरड्यांवर रेंगाळलेल्या कोरडेपणावरून. दोन्ही निकाल तारखेसह वहीत लिहिले आहेत. उरलेल्या चार चाचण्या झाल्या की इथेच कळवतो. ‘मोझेलकाठ’ यांना तोवर एकच विचारायचे आहे: कोऱ्या चहाची तुलना करताना आपण तो किती वेळ उकळता? मी पाच मिनिटे उकळला होता, आणि तो वाईनपेक्षा कितीतरी जास्त तुरट लागला.